टॅबला कुठलं सिम घालू?

नवा टॅब घेतला की दुकानातच पहिला प्रश्न निघतो, "याला कुठलं सिम घालू?" दुकानदाराच्या ड्रॉवरमध्ये जे तयार असतं त्याचं नाव तो सांगतो आणि आपण तेच घेतो. दोन-तीन महिन्यांनी दुसरा प्रश्न येतो, "नेट नीट चालत नाही, पोर्ट करू का?"

दोन्ही प्रश्न फोनसाठी आपण वर्षानुवर्षं विचारत आलो आहोत, म्हणून टॅबलाही फोनचीच उत्तरं लावली जातात. गोंधळ तिथेच होतो. फोनमध्ये आपण जपतो तो नंबर. तो बँकेत असतो, आधारला जोडलेला असतो, गावाकडच्या काकूंच्या वहीत लिहिलेला असतो. टॅबमधल्या सिमलाही नंबर असतो, पण त्यावर कुणी फोन करत नाही आणि बहुतेकदा मालकालाही तो पाठ नसतो. नंबराशिवाय कंपनीला खातं उघडता येत नाही, एवढ्यासाठीच तो असतो. हे लक्षात ठेवलं की कंपनी निवडणं आणि बदलणं दोन्ही सोपं होतं. काही ठिकाणी मात्र टॅबमुळेच काम अडतं. तीही पाहू.

१. सिम हवंच का?

टॅब दोन प्रकारचे मिळतात. एक फक्त वायफायवर चालतो, दुसऱ्यात सिमची सोय असते. दुसरा महाग असतो, आणि वर महिन्याचा रिचार्ज वेगळा. टॅब आणि फोन कायम एकाच पिशवीत फिरणार असतील तर फोनचा हॉटस्पॉट पुरतो, सिमवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

टॅब तुमच्यापासून लांब राहणार असेल तर गोष्ट वेगळी. मुलगी तो क्लासला नेते, आई गावच्या घरी त्यावर मालिका बघते, एखादा सर्व्हेअर तो शेताच्या बांधावर उघडतो. अशा वेळी स्वतःचं सिम लागतंच. आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही: आयपॅडमध्ये जीपीएस फक्त सिमवाल्या मॉडेलमध्येच असतं. वायफायवाला आयपॅड आसपासच्या वायफायवरून जागेचा अंदाज बांधतो, त्यामुळे घाटरस्त्यात त्याचा नकाशा भरवशाचा नसतो. नकाशासाठी टॅब घेत असाल तर सिम घाला किंवा घालू नका, मॉडेल सिमवालं घ्या.

२. हा टॅब एसएमएस घेतो का?

पुढचं सगळं या प्रश्नावर अवलंबून आहे. सॅमसंग, लेनोवो वगैरेंचे सिमवाले अँड्रॉइड टॅब भारतात बहुधा फोनसारखे वागतात, त्यांत डायल करायचं ॲप असतं, कॉल लागतो, एसएमएस येतो. आयपॅड मात्र त्या सिमवरून फक्त इंटरनेट घेतो. साधा एसएमएस त्यातून जात नाही आणि त्यात येतही नाही. ॲपलचे आपापसातले निळे मेसेज येतात, पण ते इंटरनेटवरून.

भारतात याची किंमत मोजावी लागते, कारण आपली निम्मी कामं ओटीपीवर चालतात. कंपनीच्या ॲपमध्ये लॉगिन करायचं तर ओटीपी सिमच्या नंबरावर येतो. रिचार्ज संपत आल्याची सूचना एसएमएसने येते. पोर्ट करायचं तर सुरुवातच एसएमएसने होते. यातलं काहीच आयपॅडवर दिसत नाही. म्हणून आयपॅडचं सिम सुरू करताना ते आधी तासभर एखाद्या जुन्या फोनमध्ये घाला, कंपनीच्या ॲपमध्ये लॉगिन करा, पर्यायी संपर्क म्हणून स्वतःचा नेहमीचा नंबर आणि ईमेल नोंदवा. मग ते टॅबमध्ये घाला. हा एक तास पुढचे बरेच हेलपाटे वाचवतो.

३. रेंज नेमकी कुणाची चांगली?

"आमच्याकडे अमक्याचंच नेट चालतं" हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं आणि त्या गावापुरतं ते बहुधा खरंही असतं. सगळीकडे चांगली अशी एकच कंपनी नसते. टॅब जिथे बसून वापरणार त्या खोलीपुरतं कोण चांगलं, एवढंच ठरवायचं असतं.

त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घेऊ. प्रत्येक कंपनीला सरकारकडून ठरावीक पट्ट्यांतल्या रेडिओलहरी मिळतात. त्यांची वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात. जास्त वारंवारतेच्या लहरींवरून पुष्कळ डेटा वाहतो, पण त्या भिंतीशी हार मानतात. जिओच्या 4G चा खालचा पट्टा ८५० चा, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाचा ९०० चा. बीएसएनएल आपलं 4G ७०० आणि २१०० वर चालवतं. शहरातलं 5G मुख्यतः ३५०० च्या आसपासचं असतं. जिओने त्याच्या जोडीला ७०० चा पट्टाही 5G साठी घेतला आहे. म्हणून गच्चीवर भन्नाट पळणारं 5G कोकणातल्या जाड जांभ्याच्या घरात माजघरापर्यंत पोचत नाही, आणि तिथे जुनं 4G कामाला येतं.

यावरून टॅब घेतानाच पाहायची एक गोष्ट निघते: तुमच्या कंपनीचे पट्टे त्या टॅबला घेता येतात का. भारतात विकल्या जाणाऱ्या टॅबमध्ये सहसा अडचण नसते. भाच्याने न्यू जर्सीहून आणलेल्या टॅबमध्ये मात्र हे तपासा, आणि तो तिथल्या एखाद्या कंपनीला लॉक केलेला नाही ना, हेही. आयपॅडवर सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडलं की 'कॅरियर लॉक' अशी ओळ दिसते. तिच्यापुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलेलं असलं म्हणजे कुठलंही सिम चालेल. लॉक असेल तर तो फक्त ती मूळ कंपनीच काढू शकते, आणि तेही भाचा तिचा ग्राहक असेपर्यंत सोपं जातं. भारतात यायच्या आधीच त्याला ते काम उरकायला सांगा.

आता मोजणी. स्क्रीनवरच्या काड्यांवर जाऊ नका. किती ताकदीला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक टॅब बनवणारा आपल्या मनाने ठरवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या 'अबाउट'मध्ये सिम स्टेटस उघडलं की सिग्नलची ताकद आकड्यात दिसते, उदाहरणार्थ उणे ८५ डीबीएम. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. या मोजपट्टीवर १० चा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक. एका कंपनीचं सिम तुमच्या टेबलावर उणे ८५ दाखवत असेल आणि दुसरीचं उणे ११५, तर फरक ३० चा झाला. दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे पहिलीचा सिग्नल हजारपट तगडा. काड्यांमध्ये हाच फरक कदाचित चार आणि दोन असा दिसला असता.

ही मोजणी नवं सिम न घेताही करता येते. घरातल्यांचे, शेजाऱ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घ्या, टॅब जिथे ठेवणार तिथे ठेवा आणि आकडे पाहा. एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास नेटचा वेगही मोजा. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायचं मायस्पीड ॲप त्यासाठी आहे. रात्री नऊला सगळी आळी व्हिडिओ बघत असते. ताकद तीच राहते, पण टॉवरवर गर्दी झाल्याने वेग कोसळतो. कंपन्यांना आपले कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात, तेही बघा. पण नकाशाला तुमच्या घराची भिंत ठाऊक नसते.

४. पॅक: न लागणाऱ्या कॉलचे पैसे

भारतातले प्रीपेड पॅक फोनवाल्यासाठी बेतलेले आहेत: अमर्याद कॉल, रोजचे १०० एसएमएस आणि रोजचा ठरावीक डेटा. टॅबला यातलं शेवटचंच लागतं. गंमत अशी की डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना नेमकं उलटं करायला लावलं: ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवा. साध्या फोनवाल्या आजोबांची सोय झाली, पण टॅबवाल्याला अजून कॉलचे पैसे भरावे लागतातच. नुसत्या डेटाचे व्हाउचर मिळतात, पण त्यातले बरेच मूळ पॅक चालू असेल तरच चालतात. काउंटरवर एक प्रश्न नक्की विचारा, "याला बेस प्लॅन लागतो का?"

दुसरी मेख रोजच्या डेटाची. समजा मुलगा टॅबवर फक्त शनिवार-रविवारी क्लासचे व्हिडिओ बघतो, दिवसाला तीन तास. साध्या दर्जाच्या व्हिडिओला तासाला साधारण १ जीबी धरू. महिन्याचे आठ दिवस, रोज ३ जीबी, म्हणजे गरज २४ जीबीची. तुम्ही घेतला रोज १.५ जीबीचा २८ दिवसांचा पॅक. कागदावर तो ४२ जीबीचा आहे, पण सोमवार ते शुक्रवारचा डेटा रोज मध्यरात्री वाया जातो. शनिवारी दीड तासातच पोराचा १.५ जीबी संपतो आणि मग वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने १ एमबीचा एक फोटो उतरायला दोन मिनिटांवर वेळ लागतो. ४२ जीबीचे पैसे भरून हाती लागले १२. अशा वापराला ठोक डेटाचा पॅक हवा: महिन्याला अमुक जीबी, कधीही वापरा. जाहिरातीत तो मागे असतो, मागून घ्यावा लागतो.

आणि २८ दिवसांच्या पॅकचे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. ट्रायने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा पॅक ठेवायला लावलं आहे. टॅबला हा दुसरा बरा, कारण आयपॅडला आठवणीचा एसएमएस दिसत नाही पण तारीख लक्षात राहते. घरात पोस्टपेड असेल तर त्याच बिलावरचं जोड सिम आणखी सोयीचं. डेटा एका टाकीतून दोघांना, आणि बिल एकच.

5G च्या मोहात पडण्याआधी टॅब 5G आहे का ते पाहा. पुष्कळ टॅब 4G च असतात. आणि जुलै २०२४ च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेलने अमर्याद 5G रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकांपुरतंच ठेवलं.

५. एका सिममध्ये सगळ्या कंपन्या?

टॅबमध्ये कंपनी बदलणं खरोखर सोपं करायचा एक मोठा प्रयत्न झाला होता, तोही अमेरिकेत. ऑक्टोबर २०१४ मध्ये आयपॅड एअर २ आणि आयपॅड मिनी ३ बाजारात आले तेव्हा ॲपलने त्यांत स्वतःचं सिम दिलं. सेटिंग्जमध्ये गेलं की कंपन्यांची यादी यायची: अमेरिकेत एटी अँड टी, स्प्रिंट आणि टी-मोबाइल, ब्रिटनमध्ये ईई. हवी ती निवडा, कार्डाने पैसे भरा, सुरू. पुढच्या महिन्यात दुसरी निवडा. ना दुकान, ना कागद, ना करार.

कंपन्यांना हे कसं रुचणार? अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांपैकी व्हेरायझन त्या यादीत आलीच नाही. तिचं नेट हवं असेल तर तिचं वेगळं सिम आणायचं. एटी अँड टी यादीत आली, पण एकदा तिला निवडलं की ते सिम कायमचं तिलाच बांधलं जायचं. बाकीच्या कंपन्या मग नव्या सिमवाचून निवडता येईनात. कंपनी बदलायची सोय म्हणून बनवलेलं सिम पहिल्याच निवडीला कुलूपबंद होत होतं. सुटायचं असेल तर पाच डॉलर देऊन दुसरं ॲपल सिम घ्यायचं. मार्च २०१६ च्या ९.७ इंची आयपॅड प्रोमध्ये हे सिम आतच बसवून टाकलं होतं. पुढे स्प्रिंट टी-मोबाइलमध्ये विलीन झाली, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून ॲपल सिमवर नवा प्लॅन घेणंच बंद झालं.

ती कल्पना बुडाली नाही, दुसऱ्या रूपात टिकली. फक्त यादी बनवायचा हक्क टॅब बनवणाऱ्याकडून परत मोबाइल कंपन्यांकडे गेला. त्या रूपाचं नाव ईसिम.

६. ईसिम: कोरं भांडं

लग्नात मिळालेल्या स्टीलच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घातलेलं असतं. भांडं तुमच्या घरात, पण नाव कायम त्यांचं. जुनं सिम कार्ड तसं आहे: त्यातल्या चिपमध्ये कंपनीची ओळख पक्की कोरलेली, कंपनी बदलली की कार्डच टाकून द्यायचं. ईसिममध्ये चिप टॅबच्या आत कायमची असते, पण येते कोरी. जी कंपनी घ्याल तिची ओळख इंटरनेटवरून त्यात उतरते, आणि नको झाली की पुसता येते. एकाच चिपमध्ये अशा बऱ्याच ओळखी साठवून ठेवता येतात आणि त्यातली हवी ती चालू करता येते. परदेशी जाणाऱ्याला हे फारच सोयीचं: इथली ओळख तशीच ठेवून तिथली आठ दिवसांपुरती घ्यायची.

आयपॅड प्रोमध्ये ईसिम २०१८ साली आलं, साध्या सिमच्या जोडीला. मे २०२४ च्या आयपॅड प्रो आणि एअरला सिमचा ट्रेच नाही, ईसिमशिवाय पर्याय नाही. असा टॅब घेण्यापूर्वी तुमच्या भागात ज्या कंपनीची रेंज चांगली तिचं ईसिम टॅबवर मिळतं का, हे त्या कंपनीच्या गॅलरीत जाऊन विचारा. पैसे भरल्यावर विचारून उपयोग नाही.

हातात असलेलं साधं सिम ईसिममध्ये बदलताना पुन्हा तोच एसएमएस आडवा येतो. जिओच्या पद्धतीत, उदाहरणार्थ, टॅबचे दोन ओळखक्रमांक, ३२ अंकी ईआयडी आणि १५ अंकी आयएमईआय, लिहून त्याच नंबरावरून १९९ वर एसएमएस करायचा असतो. आयपॅडवरून तो जाणार नाही. म्हणून सिम फोनमध्ये घालायचं, पण आकडे टॅबचे लिहायचे. ते टॅबच्या 'अबाउट'मध्ये मिळतात. चुकून फोनचे आकडे लिहिले तर ईसिम फोनमध्ये उतरतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

कंपनी ईमेलने क्यूआर कोड पाठवते तेव्हा आणखी एक गंमत होते. मेल टॅबवरच उघडला जातो आणि टॅबच्या कॅमेऱ्याला स्वतःच्याच स्क्रीनवरचा कोड टिपता येत नाही. मेल फोनवर उघडा आणि टॅबच्या कॅमेऱ्याने तो कोड टिपा. त्या वेळी टॅब वायफायवर हवा. हा कोड बहुधा एकदाच चालतो. त्यामुळे पुढे कधी टॅब रिसेट करायची वेळ आली आणि ईसिम ठेवायचं की पुसायचं असं त्याने विचारलं, तर ठेवायचं निवडा. पुसलं तर नव्या कोडसाठी कंपनीच्या दारात जावं लागतं.

७. पोर्ट की सरळ नवं सिम?

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय भारतात नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ ला देशभर. आधी ती एका सर्कलपुरतीच, म्हणजे मोबाइल सेवेसाठी आखलेल्या एका विभागापुरतीच होती. ३ जुलै २०१५ पासून सर्कल ओलांडूनही पोर्ट करता येतं. सर्कलची वाटणी राज्याच्या नकाशाप्रमाणे नाही: गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये आहे, तर मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण यांचं सर्कल वेगळं.

पद्धत अशी. इंग्रजी अक्षरांत पोर्ट, मग जागा सोडून आपला दहा अंकी नंबर, असा एसएमएस त्याच नंबरावरून १९०० वर करायचा. आठ अक्षर-अंकांचा एक कोड परत येतो, त्याला यूपीसी म्हणतात. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या गॅलरीत जायचं, ओळख पटवायची, नवं सिम घ्यायचं. डिसेंबर २०१९ पासूनच्या नियमाने सर्कलच्या आत तीन आणि सर्कलबाहेर पाच कामाच्या दिवसांत बदल व्हायला हवा. अटीही आहेत. आताच्या कंपनीत किमान ९० दिवस काढलेले असावेत, पोस्टपेडचं बिल थकलेलं नसावं. आणि १ जुलै २०२४ पासून, हरवलेल्या किंवा बिघडलेल्या सिमच्या जागी नवं घेतलं असेल तर सात दिवस यूपीसी मिळत नाही. नंबर चोरून पोर्ट करणाऱ्यांना आळा घालायला ही अट आली. पोर्ट करताना प्रीपेडमधली शिल्लक बुडते, तेव्हा वर्षाचा पॅक ताजा असताना पोर्ट करू नका.

टॅबसाठी यातलं बहुतेक व्यर्थ आहे. जो नंबर कुणाला दिलेलाच नाही तो जपायला आठवडाभर धडपडायचं कशाला? दुसऱ्या कंपनीचं नवं सिम घ्या, त्याच दिवशी सुरू होईल, आणि जुन्याचा पॅक संपेपर्यंत दोन्ही आलटून पालटून वापरून बघा. पोर्टमध्ये अशी तुलना करता येत नाही, एकदा गेलं की ९० दिवस तिथेच अडकलो. एकाच अडचणीचं भान ठेवा: आपल्या नावावर नऊपेक्षा जास्त सिम असता कामा नयेत. घरातल्या सगळ्यांची सिमं वडिलांच्या नावावर असलेल्या घरात नऊ हा आकडा वाटतो तेवढा लांब नसतो.

पोर्ट करावंच अशी एक वेळ येते: टॅब कॉल घेणारा अँड्रॉइड आहे आणि आजी-आजोबांनी तोच फोन म्हणून वापरायला घेतला आहे. मग तो नंबर खरा नंबर झाला.

सिम बदललं, वर 4G लिहून आलं, पण पान उघडत नाही, असं झालं तर एपीएन तपासा. नेटवर्कमधून इंटरनेटकडे जायच्या दाराचं हे नाव असतं आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं. मोबाइल डेटाच्या सेटिंग्जमध्ये ते दिसतं. जिओचं जिओनेट, एअरटेलचं एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, दोन्ही इंग्रजीत. पूर्वी कुणी हाताने भरलेलं जुन्या कंपनीचं नाव तिथे तसंच राहून गेलेलं असतं. ते बदला, टॅब बंद करून सुरू करा.

८. जुना नंबर सोडताना

नवं सिम लावलं की जुनं ड्रॉवरमध्ये पडतं आणि विसरलं जातं. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी ते बंद करू शकते. खात्यात २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस देते. बंद झालेला नंबर पुढचे किमान ९० दिवस कुणाला दिला जात नाही, पण त्यानंतर तो कुणाही अनोळखी माणसाकडे जाऊ शकतो. टॅब सुरू करताना घाईत त्या नंबरावर व्हॉट्सॲप उघडलं होतं का, क्लासच्या ॲपला किंवा ईमेलच्या पासवर्ड बदलासाठी तो दिला होता का, हे सिम चालू असतानाच आठवा. व्हॉट्सॲपमध्ये 'नंबर बदला' अशी सोय आहे. बाकी ठिकाणीही ओटीपी जुन्या नंबरावर येतो, म्हणून हेही काम जुनं सिम फोनमध्ये घालूनच करावं लागतं.

मग संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते एकदा बघा. टॅबचं जुनं सिम तिथे दिसेल, ते 'नको' म्हणून कळवता येतं. यादीत एखादा ओळखीचा नसलेला नंबर निघाला तर त्याचीही तक्रार तिथेच होते.